कारणाचा रकाना

सोमवारी सकाळी शाळेची वेणी घालताना बायकोला मुलीच्या डोक्यात ती जागा दिसली. उजव्या कानाच्या मागे, जराशी वर, रुपयाच्या नाण्याएवढी. खाज नाही, पुरळ नाही, खपली नाही. कातडी गुळगुळीत आणि स्वच्छ, तिथे कधी केस उगवलेच नव्हते अशी. मुलगी तेव्हा सहावीत होती आणि तिचे केस इतके दाट होते की वेणीची रबरं आठवड्याला एक तुटायची.

मी चाकणला कंपनीत होतो. फर्स्ट शिफ्टची बस पुनावळ्यातून उजाडायच्या आत निघते, त्यामुळे आमच्या घरातली सकाळ मला फोनवरच कळते. बायको घाबरून बोलत होती. मी म्हणालो, "फोटो पाठव." फोटो आला. मी तो दोन बोटांनी मोठा केला, कडा बघितली, आकार बघितला. पार्टवर डाग आला की मी असाच बघतो. फोन खिशात ठेवला आणि मीटिंगला गेलो.

मला काही वाटलं का? नाही वाटलं. आता लिहायलाच बसलोय तर खरं लिहितो. त्या वर्षी मला एकूणच फारसं काही वाटत नव्हतं.

त्याच फेब्रुवारीत माझे वडील गेले होते. आधी आठ महिने ते आमच्या हॉलमध्ये पलंगावर पडून होते. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. परभणीकडच्या गावाहून त्यांना मी ॲम्ब्युलन्समधून आणलं, ते परत गावी गेले तेही ॲम्ब्युलन्समधूनच. दहाव्याला मी डोक्याचे केस काढले, तेरावं उरकलं आणि चौदाव्या दिवशी कंपनीत ऑडिटला हजर होतो. कस्टमरची माणसं येणार होती आणि क्वालिटीची सगळी कागदपत्रं माझ्याकडे होती. हेल्मेटमुळे माझं बोडकं डोकं कोणाच्या लक्षातही आलं नाही. रडू आलं नव्हतं. येईल कधीतरी, असं धरून चाललो होतो. नंतर ते राहूनच गेलं.

मुलीचं आणि त्यांचं मात्र बरं जमायचं. ती शाळेतून आली की दप्तर पलंगाच्या पायाशी टाकायची आणि खो-खोची अख्खी मॅच त्यांना सांगायची. कोण कुठे बसलं होतं, कोणी चुकीचा खो दिला, ती स्वतः किती वेळ नाबाद राहिली. ते डाव्या हाताची बोटं हलवायचे आणि घशातून हूं करायचे. ते गेल्यावर पलंग आम्ही दुसऱ्याच दिवशी एका गरजू घरी देऊन टाकला. जागा मोकळी झाली. ती शाळेतून आली की दप्तर कुठेही टाकायला लागली, आणि मी त्यावरून तिला दोनदा ओरडलो.

तर ती रुपयाएवढी जागा. आमच्या शेजारच्या मावशी मूळच्या पुनावळ्याच्या. सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांच्या सासऱ्यांची. त्यांनी मुलीचं डोकं दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवलं आणि म्हणाल्या, "आगं, चाई हाय ती. आमच्यात कितीकांना व्हायची. लसूण घासायचा अन् इसरून जायचं. येत्यात केस, कुटं न्हाई जात." बायकोने दोन दिवस लसूण घासला. तिसऱ्या दिवशी कातडी लाल झाली, मुलगी कळवळली आणि मावशींच्या सल्ल्यातला लसूण बंद झाला. दुसरा अर्धा भाग, तो विसरून जायचा, आमच्यापैकी कोणाला जमण्यातला नव्हता.

शनिवारी वाकडला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. बाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. दिवा लावलेल्या भिंगातून त्यांनी बराच वेळ बघितलं, आजूबाजूचे केस हलकेच ओढून बघितले. म्हणाल्या, "मावशी बरोबर सांगत होत्या, चाईच आहे. ॲलोपेशिया अरियाटा. आपल्या शरीरात बाहेरच्या जंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात ना, त्या चुकून आपल्याच केसांच्या मुळांवर हल्ला करतात."

मी म्हणालो, "म्हणजे कंपनीच्या सिक्युरिटीने कंपनीचाच माणूस गेटवर अडवला."

"अडवला नाही, मारून बाहेर काढला," त्या म्हणाल्या. मुलगी हसली. खूप दिवसांनी हसली असावी, कारण बायकोने चमकून तिच्याकडे बघितलं.

मग मी विचारलं, "कशामुळे?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. जे सांगितलं ते मला आज जवळजवळ शब्दाला शब्द आठवतं. तेव्हा मात्र मी त्यातलं एकच ऐकलं. त्या म्हणाल्या, नक्की कारण कोणालाच सांगता येत नाही. काही घराण्यांत असतं. मानसिक ताणाशी याचा संबंध दिसतो. काहींना मोठा धक्का बसतो आणि काही महिन्यांनी हे सुरू होतं. पण काहीही घडलेलं नसताना सुरू होणारेही पुष्कळ असतात, आणि मोठे मोठे धक्के पचवलेल्या कित्येकांचा एक केसही जात नाही. "संबंध असू शकतो. पण तुमच्या मुलीचं कारण तेच, असं मी म्हणणार नाही. मधे घरात काही झालं होतं का?"

"नाही, तसं विशेष काही नाही," मी म्हणालो.

"सासरे गेले," बायको म्हणाली.

"त्याला पाच महिने झाले," मी म्हणालो.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग मलम लिहून दिलं. निघताना म्हणाल्या, "बहुतेक मुलांचे केस आपोआप येतात. मलम नाही लावलं तरी येतात. पुन्हा जाऊही शकतात, तयारी ठेवा. आणि हिच्यासमोर फार शोधाशोध करू नका. ती दोषी असल्यासारखं तिला वाटायला नको." मी हो म्हणालो. लिफ्टमधून उतरताना माझ्या डोक्यात एकच शब्द राहिला होता, ताण. कारण त्या सगळ्या बोलण्यात तेवढाच एक शब्द हातात धरण्यासारखा होता.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमची कंपनी गाडीची सीट ज्या पट्टीवर पुढेमागे सरकते ती पट्टी बनवते. पट्टी अडकली, कस्टमरकडून तक्रार आली, की मी व्हाय-व्हाय करतो. एका तक्त्यात वर समस्या लिहायची आणि खाली पाच वेळा का विचारायचं. पट्टी का अडकली? ग्रीस कमी होतं. ग्रीस का कमी होतं? नोझल तुंबलं. असं पाचव्या का-पर्यंत गेलं की खरं कारण मिळतं, असं मानतात. पुढे उपायाचा रकाना, जबाबदारी कोणाची, तारीख, संबंधितांच्या सह्या. शेवटचा रकाना पडताळणीचा. उपायानंतर तक्रार थांबली, तर कारण बरोबर होतं.

याचा एक अलिखित नियम आहे. ज्यावर उपाय लिहिता येत नाही ते कारण चालत नाही. पाऊस फार झाला, लाइट गेली, माणूस थकला होता, असलं काही लिहिलं की कस्टमरचा माणूस कागद परत फेकतो. "हे तुमच्या हातात आहे का? हातातलं कारण सांगा."

आणि दुसरी गोष्ट, जी कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. ऑपरेटरला समोर बसवून का-का विचारत गेलं की तिसऱ्या का-पर्यंत तो मशीनचा विचार करतो. चौथ्याला तो तुमच्या तोंडाकडे बघायला लागतो. जेवणाची सुट्टी व्हायला आलेली असते, बाकीचे कँटीनला निघालेले असतात. मग तो तुम्हाला हवं ते सांगून टाकतो. "साहेब, माझ्याकडून ग्रीस कमी लागलं असंल." कागद बंद होतो. हे मला पंधरा वर्षं माहीत होतं.

ऑगस्टमध्ये दुसरी जागा दिसली, टाळूच्या मागच्या बाजूला. आता दोन वेण्यांऐवजी बायको एकच वेणी घालायला लागली, तिरका भांग पाडून. मुलीची तक्रार काही नव्हती. शाळेत कोणी काही बोलत असेल तर तिने घरी सांगितलं नाही. ती शाळेत जायची, संध्याकाळी मैदानावर जायची, लाल मातीने भरलेले पाय घेऊन घरी यायची. सप्टेंबरमध्ये जिल्ह्याच्या संघाची निवड होणार होती आणि खो-खोचे सर म्हणाले होते की ही नक्की जाणार. घरात चालताबोलता ती एकदम दिशा बदलायची, सोफ्याला खांब समजून त्याला हात लावून वळायची. खालच्या मजल्यावरच्यांनी दोनदा तक्रार केली होती. घरात तेवढीच एक जिवंत गोष्ट होती, हे मला आज कळतं.

एका रविवारी दुपारी मी डायनिंग टेबलवर कागद घेऊन बसलो. पट्टीने रकाने आखले. स्वयंपाकघरात कोंबडीचा रस्सा उकळत होता. मुलीला हाक मारली, समोर बसवलं. तिला आधी गंमत वाटली. मी तिला म्हणालो, "कंपनीत आम्ही मोठमोठे प्रॉब्लेम असे सोडवतो. आज तुझा सोडवू." मी वर लिहिलं, समस्या: डोक्यावरचे केस दोन जागी गेले.

"का गेले?"

"डॉक्टर म्हणाल्या ना, टेन्शनने."

डॉक्टर असं म्हणाल्या नव्हत्या. मी लिहून घेतलं.

"टेन्शन का आलं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही असं उत्तर नसतं. विचार कर."

तिने विचार केला. खरंच केला, भुवया जवळ आणून. बायको दारात येऊन म्हणाली, "भाकरी गार होतील, आधी जेवून घ्या." मी म्हणालो, दोनच मिनिटं.

"आजोबा गेले म्हणून," मुलगी म्हणाली.

मी पेन्सिल टेकवली आणि पुन्हा उचलली. माझ्यासमोर उपायाचा रकाना रिकामा होता. तिथे काय लिहिणार होतो मी? मी तिला म्हणालो, "आजोबांना आपण परत आणू शकतो का? नाही ना? मग त्याचा उपयोग नाही. असं कारण सांग ज्यावर आपल्याला काहीतरी करता येईल."

हे वाक्य मी माझ्या मुलीला म्हणालो. शांतपणे म्हणालो, समजावून. आवाजही चढवला नव्हता. स्वयंपाकघरात पळीचा आवाज थांबला आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

"अभ्यासाचं टेन्शन आहे?"

"नाही."

"कोणी चिडवतं?"

"नाही. म्हणजे एक मुलगा, पण तो सगळ्यांनाच चिडवतो."

"मग टेन्शन का येतं?"

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. बायको तिथे हातात ताटं घेऊन उभी होती.

"खो-खो," मुलगी म्हणाली.

"खो-खोचं टेन्शन येतं?"

"हो."

"का?"

"सिलेक्शन आहे ना."

"त्याचं टेन्शन का?"

"नाही झालं तर."

पाच झाले. मला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू. कित्येक महिन्यांत मला काही वाटलं असेल तर ते हे. कारण सापडलं होतं आणि ते हातातलं होतं. मी उपायाच्या रकान्यात लिहिलं, खो-खो तूर्त बंद. जबाबदारी, वडील. तारीख, उद्यापासून. सहीच्या रकान्यात तिला सही करायला लावली. नुकतीच सही करायला शिकली होती, शेवटच्या अक्षराला मोठा गोल वळसा द्यायची. सही करून तिने पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "झालं का? जेवायचं?" मी म्हणालो झालं. आम्ही जेवलो. तिने त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या.

बायको रात्री एवढंच म्हणाली, "तिला आवडतं हो ते." मी म्हणालो, कायमचं थोडंच बंद करतोय.

सरांना मी मैदानावर जाऊन भेटलो. ते म्हणाले, "राव, असं नका करू. पोरगी वाऱ्यासारखी पळते, जिल्ह्याला शंभर टक्के जाईल. केसांचं काय, येतील." मी म्हणालो, डॉक्टरांनी सांगितलंय. हे सपशेल खोटं होतं. सरांनी मान हलवली आणि शिट्टी वाजवून मुलींकडे वळले. घरी मुलीने नीकॅप धुतल्या, गॅलरीत वाळत घातल्या आणि वाळल्यावर कपाटाच्या वरच्या खणात ठेवल्या. ती रडली नाही. मी ते चांगलं लक्षण समजलो. आमच्या घरात तेव्हा कोणीच रडत नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये कानामागच्या जागेत पांढरी, मऊ लव दिसायला लागली. बायकोने मला उजेडात नेऊन दाखवली. पंधरा दिवसांत ती काळी पडली. दिवाळीत दोन्ही जागा झाकल्या गेल्या आणि वेण्या पुन्हा दोन झाल्या. मावशी म्हणाल्या, "म्या म्हनलं न्हवतं? येत्यातच." मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. फाइलमधून तो कागद काढला आणि मुलीला हाक मारून तिच्यासमोर शेवटचा रकाना भरला. पडताळणी: परिणाम समाधानकारक. ती माझ्या खांद्यावरून वाचत होती. वाचून झाल्यावर तिने हात कानामागे नेला आणि तिथले आखूड केस बोटाने चाचपले.

त्या कागदाचा मला इतका अभिमान वाटत होता की कंपनीतल्या नव्या इन्स्पेक्टरांच्या ट्रेनिंगमध्ये मी तो उदाहरण म्हणून सांगितला. नाव न घेता, कुणा ओळखीच्यांची मुलगी म्हणून. पोरं कौतुकाने ऐकत होती. माझ्या शेजारच्या टेबलवरच्या सहकाऱ्याने मुलगी कोणाची ते ओळखलं आणि जेवताना म्हणाला, "भाऊ, घरात पण ऑडिट लावलंय का? वहिनींचं रेटिंग काय आलं?" सगळे हसले. मीही हसलो.

पुढचं वर्ष. मुलगी सातवीत गेली. केस टिकले होते, कुठे नवीन जागा नव्हती. जूनच्या शेवटी शाळेतून मेसेज आला की खो-खोचा सराव सुरू होतोय. मी तिला सांगितलं, आता हरकत नाही, जा. ती म्हणाली, नको. मला वाटलं, सवय मोडलीय, लाजत असेल. शनिवारी मला सुट्टी होती, तेव्हा तिला मी स्वतः मैदानावर घेऊन गेलो. गाडी कुंपणाला लावली. मुली एकाआड एक उलट तोंडं करून रांगेत बसल्या होत्या, सर खांबाजवळ उभे होते. ती गाडीवरून उतरली, पण आत गेली नाही. माझ्या शेजारी कुंपणाला टेकून उभी राहिली.

"जा ना."

"नको, पप्पा."

"सिलेक्शनचं टेन्शन येतं का अजून?"

ती मैदानाकडे वळली. मग म्हणाली, "मला कधीच टेन्शन नव्हतं आलं. मी तेव्हा खोटं सांगितलं होतं."

"खोटं? मग सांगितलंस कशाला?"

"भूक लागली होती. आई ताटं घेऊन उभी होती. तुम्ही सोडतच नव्हता."

रागाने म्हणाली नाही. किती वाजले विचारल्यावर सांगावं तसं सांगितलं. मी कुंपणाची तार धरली. पंधरा वर्षं मी ज्यांना समोर बसवलं, ती सगळी माणसं माझ्या डोळ्यांसमोर आली असती तर बरं झालं असतं, पण तसं झालं नाही. मला फक्त तो रविवार दिसला. माझ्या लेकीने एका जेवणासाठी तिची सगळ्यात आवडती गोष्ट मला देऊन टाकली होती आणि मी ती तारीख टाकून, सही करून घेतली होती.

"मग आता तर प्रश्नच नाही," मी म्हणालो. "खो-खोचा काही संबंध नव्हता. जा, खेळ."

"पण केस आले ना."

"ते आपोआप आले. डॉक्टर म्हणाल्याच होत्या, आपोआप येतात."

"खेळणं बंद केलं आणि आले," ती म्हणाली. "मी सांगताना खोटं सांगितलं होतं, पण ते खरंच निघालं. पडताळणीत आलं ना तसं. तुम्ही लिहिलंय."

"माझं चुकलं ते. ते कारण नव्हतं, बाळा."

तिने माझ्याकडे बघितलं. उलट उत्तर देण्याचा तिचा स्वभाव नाही. तिला खरंच उत्तर हवं होतं.

"कशावरून?" तिने विचारलं.

मी उत्तर द्यायचा प्रयत्न केला. डॉक्टरांचं सगळं बोलणं, जे मी तेव्हा ऐकलं नव्हतं, ते तिला सांगितलं. संबंध असणं वेगळं, कारण असणं वेगळं. दोन गोष्टी मागोमाग घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. मला स्वतःला ते पटत होतं. तिने सगळं शेवटपर्यंत ऐकलं आणि मग एकच विचारलं, "म्हणजे मी खेळले तर जाणार नाहीत, हे तुम्ही सांगू शकता?" मी ते सांगू शकत नव्हतो. कोणीच सांगू शकत नव्हतं. पुन्हा जाऊ शकतात, तयारी ठेवा, हेही डॉक्टरच म्हणाल्या होत्या. मी हो म्हणालो असतो आणि महिन्याभराने एखादी जागा दिसली असती, तर तिने ती कोणाच्या नावावर टाकली असती? स्वतःच्याच.

त्या संध्याकाळी मी ती फाइल काढली आणि तो कागद तिच्यासमोर फाडला. तिने तुकडे गोळा करून कचऱ्यात टाकले, कारण बायकोने नुकताच केर काढला होता. कागद फाडून काही होत नाही, हे तिला माझ्याआधी कळलं असावं. बायको आम्हा दोघांकडे बघत होती. ती मला काही बोलली नाही. बोलायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

आम्ही पुन्हा वाकडला गेलो. डॉक्टर तिच्याशी एकटीशी बोलल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "वेळ लागेल. कळतं तिला सगळं. भीती मात्र समजून सांगितल्याने जात नाही." मी त्यांना पहिल्या दिवशीचं सांगितलं. घरात काही झालं नाही असं मी म्हणालो होतो, ते. त्या म्हणाल्या, "ते मला तेव्हाच दिसलं होतं." मी तिथे, त्यांच्या वेटिंग रूममधल्या खुर्चीवर, वडील गेल्यानंतर पहिल्यांदा रडलो. फार नाही. शेजारी एक बाई मोबाइलवर मोठ्याने रेसिपी बघत होती, त्यात ते झाकलं गेलं.

आता ती आठवीत आहे. केस आहेत, घनदाट. खेळत नाही. सरांनी मध्यंतरी तिला विचारलं, निदान स्कोअर तरी लिहिशील का, आणि त्याला ती हो म्हणाली. मॅच असली की मैदानाच्या कडेला टेबल टाकतात आणि ती तिथे बसते. कोण किती वेळ पळालं, कोण कशी बाद झाली, सगळं रकान्यात भरते. सर मला म्हणाले, "साहेब, तिच्यासारखं शीट कोणालाच भरता येत नाही. एक खाडाखोड नाही." मला छान वाटावं म्हणून सांगत होते बिचारे.

गेल्या आठवड्यात मी मॅच बघायला गेलो. सांगितलं नव्हतं, कुंपणाबाहेर उभा राहिलो. एक उंच मुलगी पळत होती, बराच वेळ हाताला लागत नव्हती, आणि सगळं मैदान ओरडत होतं. माझी मुलगी खाली मान घालून लिहीत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. तो चेहरा मी ओळखतो, रोज सकाळी बसच्या काचेत बघतो. मग माझी नजर टेबलाखाली गेली. पळणारी मुलगी डावीकडे झुकली की हिचा डावा पाय मातीत रुतायचा, ती खांबाला वळसा घालायला लागली की हिच्या टाचा उचलल्या जायच्या. वर हात संथपणे रकाने भरत होता. खाली माझी लेक पळत होती, आणि अजून कोणीही तिला बाद केलं नव्हतं.